राखीव जागेतल्या तीन खुणा

कार्यालयातला माणूस गेला की दुःख पहिल्याच दिवशी जाहीर होतं. नुकसान कळायला मात्र साधारण अकरा कामाचे दिवस लागतात. पाणीपुरवठा कार्यालयाच्या संगणक शाखेने हा क्रम तंतोतंत पाळला. पहिल्या दिवशी दोन मिनिटं शांतता पाळण्यात आली (प्रत्यक्षात एक मिनिट चाळीस सेकंद, मध्येच प्रिंटर सुरू झाला). अकराव्या दिवशी सकाळी साडेदहाला पत्रं छापणाऱ्याने, गेली बावीस वर्षं विचारायचा तसंच, मान वर न करता विचारलं, "बाई, घर क्रमांक कुठून सुरू होतो?"

कोपऱ्यातल्या टेबलावरून उत्तर आलं नाही. त्याने पुन्हा विचारलं. मग मान वर केली. मग हळूहळू सगळ्या खोलीने मान वर केली. नुकसान कळलं ते असं.

हे नुकसान केवढं होतं ते समजण्यासाठी शाखेची कामाची पद्धत सांगायला हवी. ती आदर्श आहे. शाखेचं सगळं काम आरपीजी नावाच्या जुन्या संगणकभाषेत लिहिलेलं आहे. प्रत्येक नळधारक म्हणजे दीडशे घरांची एक लांब ओळ (एका घरात एक अक्षर किंवा एक आकडा). पहिल्या सात घरांत जोडणी क्रमांक, मग नाव, मग पत्ता, मग घर क्रमांक, मग नळाची जाडी, असं शेवटपर्यंत. ही ओळ वाचणारी मॉड्यूलं, म्हणजे छोटे प्रोग्राम, त्रेचाळीस आहेत. एक पत्रं छापतं, एक मीटर वाचणाऱ्यांना गल्ल्या वाटून देतं, एक टाकी कधी धुतली ते लक्षात ठेवतं. प्रत्येकाला सांभाळणारा माणूस वेगळा. कोणती माहिती कितव्या घरापासून सुरू होते हे त्रेचाळीसही मॉड्यूलांना ठाऊक असावं लागतं, आणि सारखंच ठाऊक असावं लागतं.

याला दोन उपाय आहेत. पहिला असा की ओळीचा साचा संगणकात एकाच जागी लिहून ठेवायचा आणि प्रत्येक मॉड्यूलमध्ये फक्त एक ओळ घालायची: साचा तिथून घे. बदल झाला तर एका जागी करायचा, सगळ्यांना आपोआप मिळतो. दुसरा उपाय असा की प्रत्येकाने साचा आपापल्या मॉड्यूलमध्ये उतरवून घ्यायचा, आणि बदल झाला की त्रेचाळीस माणसांनी त्रेचाळीस जागी, आपापल्या सवडीने, आपापल्या समजुतीने दुरुस्ती करायची. शाखेने दुसरा उपाय स्वीकारला होता, कारण त्यात सर्वांचा सहभाग असतो.

पहिला उपाय बाईंनी नऊ वर्षांपूर्वी सुचवला होता. सुचवून थांबल्या नव्हत्या, साचा लिहूनही ठेवला होता. तो मंजुरीसाठी प्रलंबित होता, आणि प्रलंबित वस्तू असली तरी नसते, असा प्रशासनाचा संकेत असल्यामुळे तो कोणी उघडून पाहिला नव्हता.

मग बाईंनी तात्पुरती सोय म्हणून एक टेप केला. त्यांचे यजमान शिंपी. बाजाराच्या मागच्या रस्त्यावर त्यांचं दुकान आहे. सगळे त्यांना मास्तर म्हणतात, बाईही घरी मास्तरच म्हणत. शिंप्याचा टेप दीडशे सेंटिमीटरचा असतो आणि नळधारकाची ओळ दीडशे घरांची. बाईंनी दुकानातला एक टेप "चार दिवसांसाठी" म्हणून नेला आणि त्याच्यावर बारीक अक्षरात लिहून काढलं. आठ ते एक्केचाळीस, नाव. बेचाळीस ते एकाहत्तर, पत्ता. बहात्तर ते पंच्याहत्तर, घर क्रमांक. त्याच्यापुढे चार घरं नळाची जाडी. अठ्ठ्याऐंशी ते एकशे दहा रिकामं, पुढेमागे लागलं तर म्हणून: राखीव. काही बदललं की जुनं अक्षर खरवडायचं, नवं लिहायचं. ज्याला शंका येई तो जागेवरून विचारी, बाई टेपाकडे न बघता सांगत.

आजारी पडण्याच्या महिनाभर आधी बाईंनी नावाची जागा चार घरांनी वाढवली होती (नव्या वसाहतीत लोकांची नावं लांब आहेत), त्यामुळे पत्त्यापासून नळाच्या जाडीपर्यंत सगळं चार घरं पुढे सरकलं होतं. सतरा जणांनी आपापल्या मॉड्यूलमध्ये दुरुस्ती केली. त्या सतरांत पुढे सहा प्रकार निघाले. बाकीचे सव्वीस जण उद्या विचारू म्हणाले होते.

अकराव्या दिवसाच्या सकाळपर्यंतची परिस्थिती अशी होती. अकराशे अठ्ठेचाळीस क्रमांकाच्या घरात राहणाऱ्या एका निवृत्त गृहस्थांच्या नळाची जाडी अकराशे अठ्ठेचाळीस मिलिमीटर भरली होती. शहराची मुख्य जलवाहिनी नऊशेची आहे. नळात कोणी पडू नये म्हणून तोंडाला जाळी बसवावी, असं पत्र त्यांना गेलं. त्यांनी जाळी बसवली. पोच फाइलला आहे.

बाईंच्या सामानाची पेटी सहाव्या दिवशीच घरी पोचवण्यात आली होती. यादी: चष्म्याचं घर एक, कप एक, स्वेटर एक, पेनं चार (पैकी तीन न चालणारी), टेप एक. मास्तरांनी यादीवर सही केली, स्वेटर खुंटीला लावला आणि टेप हातात घेऊन बराच वेळ बसले. बाई चिठ्ठ्या लिहिणाऱ्यांतल्या नव्हत्या. काय आणायचं ते दारात उभं राहून सांगायच्या. घर धुंडाळलं तरी त्यांच्या हातचं अक्षर म्हणावं असं हे एवढंच निघालं, दीडशे सेंटिमीटर. मास्तरांनी टेप गळ्यात घातला आणि दुकान उघडलं.

त्यामुळे अकराव्या दिवशी दुपारी शाखेचे साहेब आणि सर्वांत ज्येष्ठ कर्मचारी दुकानात पोचले, तेव्हा कार्यालयाचा एकमेव अधिकृत दस्तऐवज एका जाड गिऱ्हाइकाच्या कमरेभोवती होता. या ज्येष्ठ कर्मचाऱ्यांना शाखेत 'जैसे थे' म्हणतात. तीस वर्षांत त्यांनी फाइलवर याशिवाय दुसरा शेरा मारलेला नाही, आणि त्यांचा एकही निर्णय आजवर चुकलेला नाही. साहेबांनी गिऱ्हाइकाला श्वास रोखून धरायची विनंती केली. तेवढ्यात जैसे थे यांनी वाकून बहात्तर ते पंच्याहत्तर वाचून घेतलं.

मास्तर म्हणाले, काय उतरवून घ्यायचं ते घ्या, चहा घ्या, पण टेप राहू द्या. साहेब म्हणाले की दस्तऐवज खाजगी गळ्यात ठेवता येत नाही. पावती दिली. 'टेप एक, कापडी, वापरलेला. सर्व मॉड्यूलं टेपावर अवलंबून नसल्याचा दाखला मिळाल्यावर मूळ मालकास परत.' टेप पाकिटात गेला, पाकीट कपाटात गेलं, कपाटाला दोन किल्ल्या झाल्या.

मास्तरांची मेहुणी दोन गल्ल्या सोडून राहते. ती संध्याकाळी डबा घेऊन आली, तेव्हा मास्तर मोकळ्या गळ्याने बसले होते.

"भाऊजी, दुकानात सात टेप आहेत की तुमच्या."

"आहेत. त्यांच्यावर नुसते आकडे आहेत."

मेहुणीने डबा उघडून ठेवला आणि विषय बदलला. ती एरवी विषय बदलणारी बाई नव्हे.

इकडे शाखेत साचा सामायिकीकरण समिती नेमली गेली. साचा एकाच ठिकाणी ठेवून सर्वांना कसा वापरता येईल, हे ठरवणं तिचं काम. समितीने ते एका दिवसात केलं: टेपाच्या त्रेचाळीस झेरॉक्स काढून सर्वांना वाटल्या. टेप काचेवर एका वेळी मावत नसल्यामुळे तो पाच भागांत छापून चिकटवण्यात आला. पैकी सहा पट्ट्यांत तिसरा भाग दोनदा आला, दोन पट्ट्यांत चौथा भाग उलटा चिकटला आणि एका पट्टीत काच पुसणाऱ्याचा अंगठा आला. बाकी वाटप समान झालं.

समितीचं खरं काम पुढेच होतं. अठ्ठ्याऐंशी ते एकशे दहा या राखीव जागेत, निळ्या पेनाने मारलेल्या तीन उभ्या रेघा सापडल्या. त्र्याण्णववर एक, शहाण्णववर एक, एकशे एकवर एक. शेजारी काही लिहिलेलं नव्हतं. दोन बैठका झाल्या. एक सभासद म्हणाला, पेन घसरलं असेल. त्याला बाईंचं बावीस वर्षांचं काम दाखवण्यात आलं आणि तो शरमला. बाई कारणाशिवाय रेघ मारणाऱ्या नव्हत्या, यावर एकमत झालं. कारण माहीत नाही, म्हणजे ते महत्त्वाचं असलं पाहिजे. महत्त्वाचं आहे, म्हणजे ते प्रत्येक नळधारकाकडून घेतलं पाहिजे. अशा रीतीने मीटर बदलून घेण्याच्या नव्या अर्जात नऊ चौकोनांचा एक रकाना आला. तीन चौकोन, मग छोटी रेघ, मग सहा. वर नाव नाही, कारण नाव कोणालाच ठाऊक नव्हतं. खाली कंसात: अनिवार्य.

चार महिन्यांत अडतीस हजार चारशे बारा अर्ज आले. हा रकाना अडतीस हजार चारशे नऊ जणांनी भरला. सर्वाधिक लोकांनी फोनच्या क्रमांकातले नऊ आकडे लिहिले (एक आकडा कोणता गाळायचा हे ज्याने त्याने ठरवलं). काहींनी रक्तगट, काहींनी जन्मतारीख, सहा हजारांवर लोकांनी 'होय'. एका बाईंनी खिडकीवर विचारलं की इथे काय लिहायचं असतं. खिडकीवरचा म्हणाला, सगळे भरतात. त्यांचं समाधान झालं. ज्या तिघांनी रकाना मोकळा ठेवला त्यांचे अर्ज अपूर्ण म्हणून परत गेले. पैकी दोघांनी भरून पाठवले.

दुकानाला बुधवारी सुट्टी असते. मास्तर दर बुधवारी शाखेत जात, दाखला झाला का विचारत, आणि दाराजवळच्या बाकावर थोडा वेळ बसून परत येत. त्यांना कपाट दिसे. हळूहळू शाखेला त्यांची सवय झाली. कोणाची बाही उसवली तर तो बुधवारपर्यंत थांबू लागला.

अशाच एका बुधवारी, जैसे थे यांच्या कोटाचं बटण लावताना, मास्तरांनी भिंतीकडे पाहिलं. प्रत्येक टेबलाशेजारी एक कागदी पट्टी लटकत होती. त्यांनी दाताने दोरा तोडला आणि म्हणाले, "तुमच्या या पट्ट्या लहानमोठ्या आहेत. ती खिडकीजवळची चांगली वीतभर जास्त आहे."

साहेबांनी पट्ट्या मोजवल्या. मास्तर बरोबर होते.

"आमच्याकडे एकेकाळी चार कारागीर होते," मास्तर म्हणाले. "पण पाठीचा कागदी साचा एकच. खिळ्याला टांगलेला. ज्याला कापायचंय त्याने उठून खिळ्यापाशी जायचं. प्रत्येकाने आपला साचा करून घेतला असता, तर एका शर्टाची पाठ दुसऱ्या शर्टाला लागली नसती. साचा वाटायचा नसतो हो. खिळा कुठे आहे ते सांगायचं असतं."

खोलीत कोणीतरी हळूच म्हणालं की बाई नऊ वर्षं हेच सांगत होत्या.

"त्या आतल्या होत्या," साहेब म्हणाले. "आतल्याने सांगितलं तर ती कुरकुर. बाहेरच्याने सांगितलं तर तो अहवाल."

त्याच दुपारी मास्तरांची बाह्य तज्ज्ञ म्हणून नेमणूक झाली. (पात्रतेच्या रकान्यात 'कटिंग' असं लिहिलं आहे.) तज्ज्ञांचा अहवाल दोन वाक्यांचा होता, म्हणून तो लगेच मंजूर करता आला, आणि बाईंचा नऊ वर्षांपूर्वीचा साचा संगणकावर उघडला गेला. तो पूर्ण होता. नावाची वाढवलेली चार घरंसुद्धा त्यात होती. आजारी पडण्याआधी बाईंनी तीही घालून ठेवली होती. सर्वांत वर, संगणक वाचत नाही आणि फक्त माणसं वाचतात अशी एक ओळ होती. पत्रं छापणाऱ्याने ती मोठ्याने वाचली.

'सर्वांनी साचा इथूनच घ्यावा. त्रेचाळीसही झाले की मास्तरांचा टेप परत करणे.'

मास्तरांनी ती ओळ पुन्हा वाचायला सांगितली. मग आणखी एकदा. (कार्यवृत्तात 'तज्ज्ञांनी ओळ तपासली' अशी नोंद आहे.)

मग अडचण उभी राहिली. या साच्यात अठ्ठ्याऐंशी ते एकशे दहा सरळ राखीव होतं. नऊ चौकोनांचा रकाना नव्हता. बाई विसरल्या की समिती चुकली, असा पेच पडला, आणि दोन्ही गोष्टी अशक्य होत्या. टेप मागवण्यात आला. दोन किल्ल्या, दोन सह्या. पाकिटातून काढून तो तज्ज्ञांच्या हातात देण्यात आला. मास्तरांनी तो सवयीने बोटांवरून सरकवला, निळ्या रेघांपाशी थांबले आणि म्हणाले, "हे माझं पोट आहे."

समितीने आधी रेघांकडे, मग मास्तरांच्या पोटाकडे पाहिलं.

मास्तरांनी समजावून सांगितलं. शिंप्याला स्वतःचं माप नीट घेता येत नाही. वाकलं की पोट आत जातं, आणि सरळ उभं राहिलं की आकडा दिसत नाही. त्यामुळे त्यांच्या पॅन्टचं माप बाई घेत. टेप पर्समधून घरी आणत, माप घेत, लक्षात राहावं म्हणून रेघ मारत आणि सकाळी परत नेत. टेप झाल्यापासून तीन पॅन्टी झाल्या. लग्नाला दहा वर्षं झाली तेव्हा त्र्याण्णव. मग शहाण्णव. एकशे एक तीन वर्षांपूर्वी. तेव्हा बाई हसल्या होत्या आणि म्हणाल्या होत्या की अजून नऊ घरं राखीव आहेत, सावकाश होऊ द्या. मास्तरांना तेव्हा ते काय ते कळलं नव्हतं. आता कळलं, आणि ते एवढ्या मोठ्याने हसले की बाजूच्या शाखेतले दोघे दारात येऊन उभे राहिले. मग साहेब हसले. साहेब हसल्यावर समिती हसली.

त्यानंतरचं काम पाहण्यासारखं झालं. प्रत्येकाने आपल्या मॉड्यूलमधला उतरवून घेतलेला साचा पुसला आणि त्या जागी एक ओळ लिहिली. एका मॉड्यूलला सरासरी चार मिनिटं लागली. नऊ वर्षं अधिक चार मिनिटं, असा या सुधारणेचा एकूण कालावधी धरता येईल. कागदी पट्ट्या भिंतीवरून उतरल्या. अकराशे अठ्ठेचाळीस क्रमांकाच्या घरातला नळ पंधरा मिलिमीटरचा झाला (जाळी काढावी असं पत्र गेलेलं नाही, त्यामुळे जाळी आहे). आठवड्याभरात बेचाळीस मॉड्यूलं झाली.

त्रेचाळिसावं नवीन अर्जांचं. ते जैसे थे सांभाळतात.

त्यांचा विरोध नव्हता. त्यांनी मास्तरांना खुर्ची दिली, पाणी दिलं. कोटाची बटणं मास्तरांनी लावलेली होती, ती त्यांनी एकदा चाचपली. म्हणाले, अडतीस हजारांवर लोकांनी मनापासून दिलेली माहिती आहे, ती पुसायची कुणाच्या हुकमाने? लोकांनी काही तरी समजूनच लिहिलं असणार. नागरिक काय, समजल्याशिवाय लिहितो का?

"पण ते माझं पोट आहे," मास्तर म्हणाले.

"होतं, मास्तर. आता ते रेकॉर्डवर आलं. माझ्या हातात राहिलं नाही."

तरीही माणूस वाईट नाही. नियमांतून वाट काढून देतो म्हणाले आणि दिली. एका जरी अर्जदाराने लिहून दिलं की 'हा रकाना काय आहे हे न समजता मी तो भरला', तर माहिती सदोष ठरते, रकाना रद्द होतो, मॉड्यूल मोकळं होतं आणि टेप परत जातो. एक पुरे. सूचना फलकावर लावण्यात आली. खिडकीपाशी, डोळ्यांच्या उंचीवर, मोठ्या अक्षरात.

त्याला चौदा महिने झाले. मास्तर अजून दर बुधवारी जातात. त्या सूचनेखाली उभं राहून आजवर सात जणांनी चौकशी केली. सातही जणांना एवढंच हवं होतं की सोबत दोन फोटो जोडायचे की तीन.

मेहुणी परवा डबा ठेवून गेली. जाताना दारात थांबून म्हणाली, "भाऊजी, पॅन्ट पट्ट्याने आवळून किती दिवस काढणार? उभे राहा, मी घेते माप. टेप काय, कुठलाही चालतो."

"येऊ दे तो," मास्तर म्हणाले. "एकाच्याच सहीची वाट आहे."

तेव्हा, मीटर बदलून घेण्यासाठी तुम्ही अर्ज केला होता तो आठवून पाहा. दुसरं पान, खालून तिसरी ओळ, नऊ चौकोन. वर काही लिहिलेलं नव्हतं. तुम्ही क्षणभर थांबलात, रांगेतल्या पुढच्या माणसाच्या कागदात डोकावलात आणि भरून टाकलात. ते अर्ज एकगठ्ठा ठेवलेले आहेत. तुमचं अक्षर चांगलं आहे.

त्रेचाळिसाव्या मॉड्यूलमधली एक ओळ लिहायची राहिली आहे. मास्तरांचं चौथं माप घ्यायचं राहिलं आहे.